लुई ब्रेल : सहा टिंबांची देणगी



आज तीन राजांचा सण. पूर्वेकडील ज्ञानी लोकांनी आकाशात तारा पाहिला, ते त्याच्या मागोमाग निघाले आणि बेथलेहेमला पोहोचले. दरवर्षी हे शुभवर्तमान ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्याला ताराच दिसत नाही, त्याने वाट कशी शोधायची? त्याने घरी बसून राहायचे, की कोणी हात धरून नेईल म्हणून दाराशी थांबायचे?

या प्रश्नाचे उत्तर एका अंध माणसाने आपल्या आयुष्याने दिले. ६ जानेवारी, म्हणजे या सणाचा परंपरागत दिवस, हीच त्याच्या मृत्यूची तारीख. पोटापाण्यासाठी तो शिक्षक होता आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. त्याचे नाव लुई ब्रेल. लिफ्टच्या बटणांशेजारी उंच उठलेली बारीक टिंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती टिंबे त्याची. ४ जानेवारी हा त्याचा जन्मदिवस २०१९ पासून संयुक्त राष्ट्रसंघातर्फे जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. या आठवड्यात त्याचा जन्मदिवस आणि स्मृतिदिन दोन्ही येतात, म्हणून आज त्याची कथा.

वडिलांच्या कामाच्या खोलीत

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात झाला. पॅरिसच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर हे गाव आहे. वडील सिमों-रने ब्रेल घोड्यांची खोगिरे, लगाम आणि चामड्याचे पट्टे बनवीत. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. वडिलांच्या कामाच्या खोलीत चामड्याचा वास, हत्यारांचा आवाज, जमिनीवर पडलेले तुकडे. लहान मुलाला यापेक्षा आणखी काय हवे?

तीन वर्षांचा असताना तो वडिलांच्या हत्यारांशी खेळत होता. चामड्याला भोके पाडण्याची आरी त्याच्या हातात होती असे सांगतात. हात निसटला आणि टोक डोळ्यात घुसले. जखम चिघळली. त्या काळी जंतुसंसर्गावर औषध नव्हते. एका डोळ्यातला विकार दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत लुई पूर्ण अंध झाला.

ते दिवस कठीण होते. नेपोलियनचा पराभव झाला होता आणि परकीय सैनिक गावातल्या घरांत राहत होते. अशा वेळी गरिबाघरचे अंध मूल म्हणजे एक खाणारे तोंड, असेच बहुतेकांना वाटले असते. कित्येक अंध मुलांच्या नशिबी तेव्हा भीकच येई. परंतु ब्रेल दांपत्याने आपल्या मुलाला कोपऱ्यात बसवले नाही. त्याला काठी दिली, घरातली छोटी छोटी कामे दिली आणि गावात फिरू दिले. आपल्या हातून झालेल्या अपघाताची खंत त्या वडिलांना किती असेल, याची कल्पना आईबाप असलेल्यांना सहज येईल. त्या खंतीतून त्यांनी मुलाला अति जपले नाही, हे मला त्यांच्याकडून शिकण्यासारखे वाटते.

गावचे फादर आणि गावची शाळा

१८१५ च्या सुमारास गावात झाक पाल्युई नावाचे नवे धर्मगुरू आले. लुईची हुशारी त्यांच्या ध्यानात आली. ते त्याला चर्चच्या घरी आणि बागेत शिकवू लागले. फुलांचा वास, पक्ष्यांचे आवाज, बायबलमधील कथा हा त्यांचा अभ्यासक्रम. पुढे त्यांनी गावच्या शिक्षकांना, आंत्वान बेशरे यांना, विनंती केली आणि लुई डोळस मुलांबरोबर शाळेत बसू लागला. नुसते ऐकून तो वर्गात पुढे असे. मात्र मुले पुस्तक उघडून वाचू लागली की त्याने हात बांधून बसायचे.

फादर आणि शिक्षक दोघांनाही कळले की या मुलाला आणखी काही हवे आहे. पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी एक सरकारी शाळा होती. गावच्या उमरावांच्या शिफारसपत्राने तिथे जागा मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, लुई वडिलांबरोबर पॅरिसला गेला आणि त्या शाळेत दाखल झाला.

डोळसांनी बनवलेली पुस्तके

ही शाळा व्हालांतँ आउई या सहृदय गृहस्थांनी सुरू केली होती. १७७१ मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत त्यांनी एक दृश्य पाहिले. काही अंध माणसांना विदूषकी टोप्या आणि पुठ्ठ्याचे चष्मे घालून, हातात वाद्ये देऊन बसवले होते आणि लोक त्यांना पाहून हसत होते. आउई यांना ते सहन झाले नाही. १७८४ मध्ये चर्चच्या दाराशी भीक मागणारा एक अंध तरुण त्यांना भेटला. भिकेतून त्याला जेवढे मिळे तेवढे पैसे स्वतः देऊन त्यांनी त्याला शिकवायला घेतले. अंधांच्या पहिल्या शाळेचा हा पहिला विद्यार्थी.

आउई यांनी जाड ओल्या कागदावर अक्षरांचे मोठे ठसे दाबून उठावाची पुस्तके तयार केली. नेहमीचीच अक्षरे, फक्त वर आलेली. विद्यार्थी त्यांवरून बोट फिरवीत वाचत. डोळ्यांना ती अक्षरे सुंदर दिसत. पाहुणे येत, मुले वाचून दाखवीत, पाहुणे कौतुक करीत.

लुईला ही पुस्तके हातात मिळाली तेव्हा त्याला आनंद झाला असणारच. पण अडचण लवकरच ध्यानात आली. बोटाला गोल आणि रेघा यांतला फरक पटकन कळत नाही. प्रत्येक अक्षराची कडा चाचपत जावे लागे. वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचेतो सुरुवात विसरायला होई. पुस्तके अवजड होती, बनवायला महाग होती, म्हणून शाळेत ती मोजकीच होती. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे अशी अक्षरे अंध मुलाला स्वतः लिहिता येत नव्हती. त्याला दुसऱ्याचे वाचता येई, पण स्वतःच्या मनातले टिपून ठेवता येत नसे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ज्ञान माणसापर्यंत कसे पोहोचते याचा खूप खल करीत असू. फ्रेंच विचारवंत दिदरो यांनी १७४९ मध्ये अंधांविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात ते एका जन्मांध माणसाची भेट सांगतात. तुला डोळे मिळाले तर आवडेल का, असे त्याला विचारले. त्याचे म्हणणे असे पडले की, डोळ्यांपेक्षा आपल्याला लांब हात मिळाले तर अधिक बरे. ज्ञान आपल्याकडे कोणत्या वाटेने येते हे त्या माणसाला नीट ठाऊक होते. ती वाट स्पर्शाची होती. अंधांच्या भल्यासाठी झटणाऱ्या डोळस मंडळींनी मात्र डोळ्यांच्या अक्षरांवरच बोट फिरवायला लावले. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांनी एवढेच केले नाही की, अंधांना विचारून पाहावे.

बारा टिंबांची सहा टिंबे

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए नावाचे एक निवृत्त तोफखाना अधिकारी शाळेत एक नवी पद्धत घेऊन आले. ज्यांना शाळा मिळाली नाही अशा माणसांनाही सहज लिहिता यावे, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या पद्धतीत अक्षरांऐवजी कागदावर उंच उठवलेली टिंबे होती आणि ती टोचणीने पाडता येत. म्हणजे अंध मुलाला लिहिता येणार होते! लुई तेव्हा बारा वर्षांचा होता.

टिंब बोटाला चटकन कळते, हे मुलांना पहिल्याच स्पर्शात पटले. तरीही पद्धतीत दोष होते. एका चिन्हासाठी बारापर्यंत टिंबे लागत, सहा-सहाच्या दोन उभ्या ओळी. एवढे मोठे चिन्ह एका बोटाच्या टोकाखाली मावत नसे. शिवाय ती चिन्हे उच्चारांची होती, त्यामुळे शुद्धलेखन शिकता येत नसे. विरामचिन्हे नव्हती, संगीताची चिन्हे नव्हती. लुईने सुधारणा सुचवल्या. वयाने मोठ्या, अनुभवी अधिकाऱ्याला एका शाळकरी पोराच्या सूचना फारशा रुचल्या नाहीत असे सांगतात.

मग लुई स्वतःच कामाला लागला. दिवसा अभ्यास, रात्री सर्व झोपले की पाटी आणि टोचणी. सुटीत कूव्रेला गेला तरी हेच काम. टोचणी हे हत्यार आरीच्याच जातीचे. ज्या प्रकारच्या टोकाने त्याची दृष्टी नेली, त्याच प्रकारच्या टोकाने तो आपल्या भावंडांसाठी लिपी घडवीत होता. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, लिपीचा सांगाडा तयार झाला.

ती किती साधी आहे पाहा. बारा टिंबांऐवजी सहा, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. संपूर्ण चिन्ह एका बोटाच्या टोकाखाली येते, बोट वरखाली फिरवावे लागत नाही. सहा जागांपैकी कोणत्या उठवायच्या आणि कोणत्या सपाट ठेवायच्या, यातून त्रेसष्ट वेगवेगळी चिन्हे होतात. तेवढ्यांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे, गणित आणि संगीत सर्व बसते. रचनाही शिस्तीची आहे. पहिली दहा अक्षरे फक्त वरच्या चार जागांत. पुढची दहा म्हणजे तीच पहिली दहा, फक्त खाली एक टिंब अधिक. एकदा पहिली दहा पाठ झाली की पुढचा रस्ता सोपा.

१८२९ मध्ये, वीस वर्षांचे असताना, ब्रेल यांनी आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच तीन गोष्टींचा उल्लेख आहे : शब्द, संगीत आणि चर्चमध्ये गायली जाणारी पुरातन उपासनागीते. म्हणजे या लिपीचा विचार करताना पवित्र मिस्सा त्यांच्या मनात पहिल्यापासून होती. त्याच पुस्तकात त्यांनी बार्बिए यांचे ऋणही मोकळेपणाने मान्य केले. पुढे १८३७ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली आणि लिपीला आज ओळखतो ते रूप आले. त्याच वर्षी शाळेत फ्रान्सच्या इतिहासाचे एक पुस्तक तीन खंडांत ब्रेलमध्ये छापले गेले.

शिक्षक आणि ऑर्गनवादक

लिपीमुळे ब्रेल प्रसिद्ध झाले किंवा श्रीमंत झाले असे समजू नका. त्यांची रोजची भाकरी नोकरीची होती. १८२८ मध्ये ते आपल्याच शाळेत साहाय्यक शिक्षक झाले आणि १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक. व्याकरण, भूगोल, इतिहास, अंकगणित, भूमिती, बीजगणित असे अनेक विषय ते शिकवीत. वर्गातली मुले अंध आणि शिक्षकही अंध. आपले शिक्षक वाचतात, लिहितात, कमावतात, हे पाहूनच मुलांना किती धीर येत असेल!

दुसरी वाट संगीताची. १८३४ पासून पॅरिसमधील सेंट निकोलस दे शां या चर्चमध्ये ते ऑर्गनवादक होते आणि पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या चर्चमध्ये. आपल्या कॉयरमधील मुलांना ठाऊक आहे की डोळस वादक समोरच्या कागदाकडे पाहत दोन्ही हात चालवतो. अंध वादकाला एका हाताने टिंबे वाचावी लागतात, दुसऱ्या हाताने वाजवून पाहावे लागते, मग हात बदलायचे आणि शेवटी सगळे पाठ करायचे. मिस्साच्या वेळी दोन्ही हात ऑर्गनवर, संगीत डोक्यात. पूर्वी असा वादक कोणी वाजवून दाखवील तेव्हाच नवे गीत शिकू शकत असे. आता तो एकटा बसून शिकू शकत होता. त्यांचे मित्र गाब्रिएल गोतिए हेही अंध आणि पॅरिसमध्ये ऑर्गनवादक होते. या परंपरेतून पुढे लुई व्हिएर्न घडले. ते जवळजवळ अंध होते, याच शाळेत शिकले आणि १९०० ते १९३७ पर्यंत पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे ऑर्गनवादक होते.

ब्रेल यांच्या औदार्याच्या गोष्टी त्यांच्या मित्रांनी लिहून ठेवल्या आहेत. अडलेल्या विद्यार्थ्यांना ते उसने पैसे देत. आपल्यापेक्षा अधिक गरज असलेल्या एका अंध वादकासाठी त्यांनी चर्चमधील आपली जागाही सोडून दिली.

बंदी

या लिपीवर एक आक्षेप वारंवार घेतला जाई. डोळस शिक्षकांना टिंबे वाचता येत नाहीत. अंधांनी वेगळी लिपी वापरली तर ते समाजापासून तुटतील. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. ब्रेल यांनी तो मनावर घेतला आणि त्यावर वाद घालत न बसता काम केले. १८३९ मध्ये त्यांनी आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात टिंबांनीच नेहमीच्या अक्षरांचे आकार काढायचे, म्हणजे अंध माणसाने लिहिलेले पत्र त्याची डोळस आई, भाऊ, मालक कोणालाही वाचता येईल. हाताने एकेक टिंब पाडणे वेळखाऊ होते. म्हणून पिएर फुको या अंध कारागीर मित्राने १८४१ च्या सुमारास त्यासाठी एक यंत्र बनवले. टाइपरायटर बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. अंधांना समाजापासून तुटायचे नव्हते. दोन्ही बाजूंनी दार उघडे हवे होते.

तरीही १८४० मध्ये संकट आले. शाळेचे संचालक पिन्ये यांनी ब्रेल यांना नेहमी आधार दिला होता. त्यांना पदावरून दूर केले गेले. त्यांच्या जागी आलेले द्युफो यांनी परदेशातील नव्या प्रकारची उठावाची अक्षरे आणली आणि टिंबांच्या लिपीला बंदी केली. पुन्हा डोळसांची अक्षरे, पुन्हा चाचपडणे. स्वतः ब्रेल त्याच शाळेत शिक्षक होते, आणि क्षयरोगाने त्यांना तोवर गाठले होते. सव्विसाव्या वर्षी सुरू झालेला तो आजार त्यांना कधी वर्गात उभे राहू देई, कधी महिनोन् महिने कूव्रेला घरी पडून राहायला लावी.

मुलांनी मात्र टिंबे सोडली नाहीत. ती लपून लिहीत राहिली, एकमेकांना चिठ्ठ्या पाठवीत राहिली. टोचणी नसेल तर जे टोकदार मिळेल ते. मोठ्यांनी लहानांना शिकवले. ज्याला एकदा स्वतःच्या हाताने आपले मन लिहिता आले, त्याला पुन्हा मुके करता येत नाही. अखेर साहाय्यक संचालक जोसेफ ग्वादे यांनी हे ओळखले आणि द्युफो यांचे मन वळवले. द्युफो यांनीही आपले मत बदलले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

२२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन होते. जुनी इमारत ओलसर आणि अंधारी होती. एके काळी ती सेमिनरी होती. त्याच जागेत १६२५ मध्ये संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपला संघ स्थापन केला होता, आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, तिथेच अनेक धर्मगुरूंची हत्या झाली होती. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मोठी मंडळी जमली होती. ग्वादे यांनी सर्वांसमोर ब्रेल लिपीची माहिती सांगितली आणि प्रात्यक्षिक झाले. एका विद्यार्थ्याने ऐकलेला मजकूर टिंबांत लिहायचा, आणि तो ऐकलेला नाही अशा दुसऱ्याने बोटांनी वाचायचा. शंका घेणाऱ्यांना यापुढे काही बोलायला उरले नाही. लुई ब्रेल सभागृहात होते. पस्तीस वर्षांचे, आजाराने खंगलेले.

अखेरचे दिवस

डिसेंबर १८५१ मध्ये त्यांना रक्ताची मोठी उलटी झाली. त्यांनी धर्मगुरूंना बोलावून आजाऱ्यांचे संस्कार श्रद्धेने स्वीकारले. ६ जानेवारी १८५२ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी प्राण सोडला. दोनच दिवसांपूर्वी त्यांना त्रेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. त्यांचा देह कूव्रेला नेऊन तिथल्या कबरस्तानात ठेवला.

त्यांच्या सामानात एक लहान पेटी होती. ती न उघडता जाळून टाकावी अशी त्यांची इच्छा होती. मित्रांना राहवले नाही आणि त्यांनी ती उघडली. आत विद्यार्थ्यांनी लिहून दिलेल्या उसनवारीच्या चिठ्ठ्या होत्या. आपल्यामागे कोणी त्या मुलांकडे पैसे मागू नयेत म्हणून ती पेटी जाळायची होती. मग मित्रांनी चिठ्ठ्या जाळल्या.

मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला मान्यता दिली. मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५२ मध्ये, त्यांचे अवशेष पॅरिसमधील पँथिऑनमध्ये, राष्ट्राच्या थोर पुरुषांशेजारी, सन्मानाने ठेवण्यात आले. मात्र कूव्रेच्या लोकांनी त्यांचे हात दिले नाहीत. ते हात आजही त्यांच्या गावी, कबरीवरच्या लहानशा कलशात आहेत.

आपल्या भाषेत

आपल्या देशात निरनिराळ्या प्रांतांत अंधांसाठी निरनिराळ्या टिंबपद्धती चालत. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठी 'अ' म्हणजे एकच टिंब, ब्रेल यांनी आपल्या पहिल्या अक्षराला दिले होते तेच. 'ब' म्हणजे त्याखाली आणखी एक. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. २००९ मध्ये, ब्रेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणे काढले. आज मोबाइल आणि संगणक अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखवतात, ही मोठीच सोय आहे. परंतु शुद्धलेखन, गणित आणि संगीत शिकायला, आणि स्वतःचे स्वतः लिहायला, टिंबांना पर्याय नाही.

आपल्या चर्चसाठी

बंधुभगिनींनो, आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. रविवारी एक अंध आजी मिस्साला येत. त्यांना मागच्या बाकावर बसलेले पाहून मला वाईट वाटले. मी त्यांचा हात धरला आणि सर्वांसमक्ष अगदी पुढच्या बाकावर नेऊन बसवले. आपण चांगले काम केले असे मला वाटले. तीन-चार रविवार असे झाले. मग त्यांनीच मला हळूच सांगितले की, मागचा बाक कॉयरच्या जवळ होता, तिथून त्यांना सूर नीट ऐकू येई आणि सर्वांबरोबर गाता येई. पुढे बसल्यापासून त्यांचे गाणे बंद झाले होते. मी त्यांना विचारलेच नव्हते.

यरीहोच्या वाटेवर बार्तिमय प्रभूला हाका मारीत होता. तो अंध आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही येशूने आधी त्याला जवळ बोलावले आणि आपण त्याच्यासाठी काय करावे असे विचारले. प्रभूला ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. स्वतःची गरज स्वतः सांगण्याचा मान त्याला द्यायचा होता. लुई ब्रेल यांच्या जीवनाकडे पाहताना मला ही गोष्ट आठवते. त्यांच्या शाळेतील थोरामोठ्यांनी सुमारे चाळीस वर्षे अंधांसाठी खूप केले, पण चावी सापडली ती एका अंध मुलाला. कारण कुलूप कसे आहे हे त्याच्याच बोटांना ठाऊक होते.

आपल्या चर्चच्या पायऱ्या आपण रोज चढतो, म्हणून त्या आपल्याला दिसत नाहीत. ज्यांना गुडघ्यांमुळे किंवा व्हीलचेअरमुळे त्या चढता येत नाहीत, त्यांना त्या घरी बसूनही दिसतात. ज्यांना कमी ऐकू येते ते माझा उपदेश किती ऐकतात, मला ठाऊक नाही. आपल्या धर्मग्रामात अंध मूल असेल, तर ब्रेलमधून त्याने आपल्याला रविवारचे पहिले वाचन का वाचून दाखवू नये? रॅम्प कुठे हवा, बाक कोणता हलवावा, माइक कसा लावावा, हे आम्ही चार-पाच डोळस आणि धडधाकट माणसांनी बैठकीत ठरवण्याआधी मी या घरांना भेट देणार आहे. आपल्या कुटुंबात किंवा शेजारी अशी व्यक्ती असेल तर मिस्सानंतर मला जरूर सांगा. मी येईन आणि या वेळी आधी विचारीन.

ज्ञानी लोकांनी बालयेशूला सोने, ऊद आणि गंधरस दिला. लुई ब्रेल यांनी सहा टिंबे दिली. आज घरी गेल्यावर मुलांना हे सांगा, आणि पुढच्या वेळी लिफ्टमध्ये शिरलात की त्या टिंबांवरून एकदा बोट फिरवा.

प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू